सिंहाच्या जागी मडकं

ती घटना आजही आठवली की मी खुर्चीत ताठ बसतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण भर शहरातून सिंह पळवल्याची वर्दी एकदाच आली!

सिंह दगडी होता. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत आणि मी तिथे नवाकोरा फौजदार होतो. शहराची बाग म्हणजे मूळची गोंड राजांची आमराई. राजवट गेली, पायऱ्यांची बावडी उरली. इंग्रजांनी बँडसाठी गोल चौथरा बांधला आणि तोंड फुटलेली एक तोफ आणून मांडली. पण लोक बाग ओळखत ती दाराजवळच्या सिंहामुळे. वासराएवढा, कान झिजलेला, पायाखाली हत्ती दाबलेला. पोरं त्याच्या पाठीवर बसत, बायका येताजाता कुंकू लावत. त्या साली बागेला कुंपण झालं, रेडिओचा भोंगा लागला. रविवारी नव्या बागेचं उद्घाटन होतं, आणि त्याच आठवड्यात सिंह गायब!

बागसमितीचे सचिव ठाण्यात आले ते नाव घेऊनच. "माळ्याशिवाय कोणाचं काम नाही. किल्ली त्याच्याकडे. आत टाका." वरूनही तसाच हुकूम आला. माळ्याला कोठडीत बसवलं. बागेतल्याच खोलीत तो लेकीला घेऊन राहायचा. रविवारपर्यंत सिंह मिळाला नाही तर नोकरी जाणार, खोली जाणार आणि वर खटला, हे सचिवांनी त्याला तोंडावर सांगितलं.

मी पंचनाम्याला गेलो. बावडीत गळ टाकून पाहिला, चौथऱ्याखाली वाकून पाहिलं. सिंहाच्या ओट्यावर मात्र एक कोरं मडकं होतं. आत नवं धान, हळदीची गाठ, गळ्याला दोरा. आमचा हवालदार चोराला भीत नसे, पण मडकं पाहून मागे सरला.

"हात नोका लावू साहेब! करणी हाये."

काठीने ढकलत ढकलत त्याने ते बावडीमागे टाकून दिलं.

माळ्याची जबानी दोन वाक्यांची. "मी रोपं आणाले गेलो होतो साहेब. आलो तं सिंह नाई." मग म्हणाला, "माही पोरगी खोलीवर एकटीच हाये." खोटं बोलणारा माणूस सहसा पाल्हाळ लावतो. याने काहीच लावलं नाही. माझं मन त्याच्या बाजूला झुकलं, पण मनाचा पुरावा होत नाही.

खबर दिली समोरच्या पानठेलेवाल्याने, आणि तीही हसत हसत. "चोरी कायची? भरदुपारी खासरावर चढवला ना! रंग द्याले नेऊन राह्यले समजलो. मी बी हात लावला." खासर म्हणजे बैलगाडी, ती मोहर्लीच्या वाटेने गेली होती. चौकशीत कळलं, शहरातल्या चार प्रतिष्ठितांनीही चोरीला खांदा दिला होता! हसावं की कपाळ बडवावं, मला कळेना.

दुसऱ्या सकाळी ओट्यावर पुन्हा कोरं मडकं! मी उडालोच. म्हणजे नेणाऱ्यांचं माणूस इथेच होतं. हवालदाराला मडकं मुद्दाम पुन्हा उचलायला लावलं आणि आम्ही बँडच्या चौथऱ्याआड बसलो. थोड्याच वेळात दाराबाहेर सीताफळं विकणारी बुढी उठली. हीच बाई रोज आम्हाला रामराम करायची! काखेत तिसरं मडकं घेऊन ती तरातरा आत आली आणि ओरडली, "कोन फेकून राह्यला बापा?"

मडकं तिला ओट्यावर ठेवू दिलं आणि ठाण्यात आणून बाकावर बसवलं. ती बिनघोर होती.

"बाई, सिंह कुठे आहे?"

"बहिणीच्या घरी."

मोहर्लीकडच्या जंगलात तिचं गोंडांचं गाव. तिथली देवी या सिंहाची बहीण. दर काही वर्षांनी, नवं धान घरात आलं की भाऊ पाहुणा जातो, नवा भात खातो, परत येतो. तोवर त्याच्या जागी धानाचं मडकं ठेवायचं, कारण देवाची जागा रिकामी ठेवत नाहीत. "माह्या आज्यापासून चालते. चोर दिवसा जाते का साहेब?"

तेवढ्यात कोठडीत माळी खोकला. बुढीने वळून पाहिलं.

"हा इथी काऊन?"

"सिंहाच्या पायी," हवालदार म्हणाला.

तिने माझ्याकडे पाहिलं. "आमी देवाच्या बदल्यात मडकं ठेवलं. तुमी माणूस ठेवला?"

मला लाज वाटली, सरळ सांगतो. बुढीच पुढे म्हणाली, "याले सोडा. माणूस कोंडला असंन तं देव येत नाई." वरच्यांना विचारायला मी थांबलो नाही. माळ्याला सोडलं, जीपमध्ये पुढे बसवलं आणि मोहर्लीची वाट धरली.

मोहाच्या झाडाखाली सिंह बसला होता. शेजारी शेंदूर लावलेली बहीण, पुढ्यात वाफाळता भात. गावचा म्हातारा पुजारी म्हणाला, "पाहुण्याले हाकलता येत नाई." कायदा माझ्या ओठांवर आला होता. पण माळीच पुढे झाला. "भाऊ, तो आला नाई तं माही खोली जाते. पोरीले कुठी नेऊ?" पुजाऱ्याने देवीपुढे हात जोडले. मग हसून म्हणाला, "तं मंग बहीणच पोचवाले येईन."

आणि आली! रविवारी उद्घाटनाची भाषणं चालली असताना ढोल वाजवत सगळं गाव बागेत शिरलं. पुढे खासरावर सिंह, मागे पुजाऱ्याच्या डोक्यावर देवी. सचिव माइक धरून उभेच राहिले. लोकांनी फीत कापायची वाटच पाहिली नाही, धावत जाऊन सिंहाला खांदा दिला. ओट्यावरचं मडकं माळ्याने दोन्ही हातांनी उचललं आणि बुढीच्या ओटीत ठेवलं. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. गैरसमजातून दिलेली फिर्याद, असा शेरा मारून मी प्रकरण निकाली काढलं.

पुढे कितीतरी ठाण्यांत कितीतरी लोक मला "आत टाका" म्हणाले. चोरीच्या जागी रिकामं दिसतं, ते डोळ्यांना सोसत नाही, आणि हाताशी लागेल तो गरीब माणूस आपण तिथे नेऊन बसवतो. कोठडीचं दार लावण्याआधी मी त्या बुढीचा प्रश्न स्वतःला विचारत असे. पुष्कळदा दार उघडंच ठेवावं लागलं.