थिजलेलं खोबरेल

किहीमच्या नारळाच्या वाडीत राहणाऱ्या नीराबाईचा तोरा असा, की नाटकातल्या राणीनंही तिच्याकडून शिकावं. घरात पितळेचा गडू एकच. पण तो ती असा लखलखीत घासायची, की पाहुण्याला वाटावं, आत आणखी दहा असतील. मुलगा सदा मुंबईत गिरणीत कामाला. घरी ती आणि सून रंगू. रंगूचं माहेर तिकडं माणगावच्या बाजूला, भातशेतीवालं.

एकतीस-बत्तीस सालच्या पौषात उत्तरेचा वारा असा सुटला, की मांडव्याला मुंबईची गलबतं येईनात. दुकानातलं घासलेट संपलं, आणि नेमका त्याच संध्याकाळी रंगूचा थोरला भाऊ दादू दारात उभा.

"मावशी, रंगूला न्यायला आलोय," ओटीवर टेकत तो म्हणाला. "भावोजी तिकडं, ही हितं. आई म्हणते, पोर एकटी पडली. भावोजी मुंबईत खोली करतील तवा बघू."

नीराबाईच्या मनात आलं, रंगू गेली तर ह्या घरात बोलायचं कुणाशी? पण चेहरा तिनं हलू दिला नाही.

"तिला यायचं असंल तर ने," म्हणाली. रंगूला काय हवंय, हे विचारायचा धीर मात्र तिला झाला नाही.

आधी घर उजळायला हवं होतं. व्याह्यांकडं 'ती माणसं अंधारात बसतात' अशी बातमी जायला नको. "वाडी आपली, तेलाला काय तोटा?" म्हणत तिनं खोबरेलाची बाटली पणतीवर उपडी केली. थेंब पडेना. थंडीनं तेल थिजून पांढरंफेक झालं होतं. ते चुलीशी धरून पातळ केलं, पणती ओटीवर नेली. जरा वेळानं तेल पुन्हा गोठलं, वात तडतडली नि विझली. माजघरात नेली, तिथंही तेच.

"आत्या, पणतीला गोधडी पांघरू का?" आतून रंगूनं विचारलं.

"तू तोंड नको चालवू. दिवा चालव."

रंगूनं पणती चुलीच्या वैलावर, भाताचं मडकं ऊन राहायला ठेवतात तिथं ठेवली. ऊब मिळाल्यावर ती छान तेवू लागली. पण आता उजेड काय तो स्वयंपाकघरात. सुनेच्या भावाला चुलीपुढं बसवायचं म्हणजे प्रेक्षकाला रंगपटात आणून बसवण्यासारखं. नाइलाजानं नीराबाईनं पाट तिथं मांडला.

घरात ताटं दोनच. एक दादूपुढं गेलं. दुसऱ्यात दोघी रोजच्यासारख्या जेवायला बसल्या. पाहुण्याला ते दिसतंय, हे नीराबाईच्या ध्यानात आलं तेव्हा उशीर झाला होता.

"दादा, कालवण खारट हाय ना?" रंगू म्हणाली. "आत्या दोनदा मीठ टाकते. मी हात धरते म्हणून निभतंय."

"हिच्या हातचं खाल्लं असतं तर कवाच पळाला असतास," नीराबाई म्हणाली, आणि बोंबलाचा चांगला तुकडा तिनं सुनेच्या बाजूला सारला. रंगूनं तो परत सारला. तो तुकडा तसाच दोनदा फिरला.

दादूचा घास हातातच राहिला. "घरी तू येवढी बोलत न्हाय व्हतीस गं," तो म्हणाला. "येतेस ना?"

नीराबाई ताटातली शितं गोळा करू लागली.

"चार दिवस येते," रंगू म्हणाली. "आत्यालाबी घेऊन. ऱ्हायला न्हाय."

"मी कशाला तिकडं? वाडीला पाणी कोण शिंपील?" नीराबाई म्हणाली खरी, पण माणगावला कुठलं लुगडं नेसून जायचं, ते तिचं तेवढ्यात ठरलंही होतं.