भुसा भरलेला वाघ

“पेंटर, इकडे ये! तुह्या वाघाच्या पोटात भुसा हाये!”

मॅनेजर लांजेवारजी प्रोजेक्टरच्या केबिनमधून ओरडले. दुपारचे चार वाजले होते. संध्याकाळच्या शोची रांग तंबूला वळसा घालून रुआबांध्याच्या रस्त्याला लागली होती. सिनेमाची प्रिंट नुकतीच आली होती, ती तपासायला लावली होती. मी केबिनच्या भोकातून पडद्याकडे पाहिलं. जमीनदाराचा दिवाणखाना. खुर्चीत खलनायक. त्याच्यामागे जबडा वासून माझा वाघ. उजेडामुळे चित्र फिकट होतं, पण वाघाच्या शेपटीवर कोणीतरी अडकवलेली टोपी मला स्पष्ट दिसली.

भिलाईत तेव्हा कारखाना उभा होत होता. मी भंडाऱ्याकडचा. टुरिंग टॉकीजमध्ये, म्हणजे तंबूतल्या सिनेमात, पोस्टर रंगवायला होतो. पोस्टरवर अक्षरं किती लिहायची, हा आमच्या धंद्यातला पहिला प्रश्न. इथे तर तेलुगू, बंगाली, पंजाबी, मल्याळी कामगार आणि वर रशियन इंजिनियर. सगळ्यांच्या लिपीत लिहायचं तर हिरोला जागा उरत नाही. म्हणून मी सिनेमाचं नाव आणि वेळ तेवढी लिहायचो. बाकी सगळं काम चित्राचं.

चित्र काढायचो फोटोसेटवरून. सिनेमाची कंपनी प्रिंटच्या आधी थोडे चकचकीत फोटो पाठवते, तो फोटोसेट. प्रिंट शोच्याच दिवशी यायची. एका फोटोत हिरोच्या खांद्यामागे वाघाचं डोकं होतं. नुसतं डोकं. मी बारा फुटांचा वाघ रंगवला, झेप घेणारा.

ट्रेलर आलाच नव्हता. ट्रेलर म्हणजे येणाऱ्या सिनेमाचे निवडक तुकडे जोडलेलं छोटं रीळ. मग आम्हीच ट्रेलर झालो. रिक्षावर पोस्टर, टपावर भोंगा आणि आत मी. रिकाम्या मडक्यात तोंड घालून डरकाळी फोडायची आणि मडक्याच्या तोंडाशी माइक धरायचा. तीन दिवस फिरलो. एका टपरीवर गिऱ्हाइकाच्या हातून चहा सांडला. मला फार आनंद झाला होता.

“लोक तंबू फाडतीन आता,” लांजेवारजी म्हणाले. “अन् कंपनीचा मानूस परवा येऊन राहिला. हंगामा झाला तं पुढची प्रिंट भेटनार नाही आपल्याले.”

“मले का मालूम, वाघ मेलेला हाये म्हून?”

“कावून, फोटोत श्वास घेत होता का तो?”

आमचा छत्तीसगढी ऑपरेटर बिसाहू पोट धरून हसत होता. तो म्हणाला, “बघवा तो मरे हे, फेर भइया के गला तो जियत हे!” वाघ मेलाय, पण भाऊचा गळा तर जिवंत आहे. त्यानं अँप्लिफायरकडे बोट दाखवलं. सिनेमाचा आवाज आणि घोषणेचा माइक, दोन्ही त्याच भोंग्यातून जायचे.

“वाघ कितीदा दिसते?” मी विचारलं.

“नौ बार.”

शो सुरू झाला. मी केबिनमध्ये मडकं घेऊन उकिडवा बसलो. दुसऱ्या रिळापर्यंत लोकांची चुळबुळ सुरू झाली होती. “शेर किधर है?” कोणीतरी ओरडलं. लांजेवारजींनी डोळे मिटले. तिसऱ्या रिळात दिवाणखाना आला. खलनायक हिरॉइनच्या बापाला म्हणाला, “मैं तो आपका भला चाहता हूँ.”

बिसाहूनं माझा खांदा दाबला. मी डरकाळी फोडली.

मग एका पंजाबी आवाजानं सांगितलं, “झूठ बोलता है, शेर समझ गया!” आणि सगळा तंबू फुटला. शिट्ट्या, टाळ्या, बाकं बडवणं. खलनायक खोटं बोलला की वाघ गुरगुरायचा. सहाव्या वेळी लोकच माझ्याआधी गुरगुरले. खुर्च्यांवरचा एक धिप्पाड रशियन हसता हसता शेजाऱ्याच्या मांडीत पडला. मलाही हसू आवरेना, त्यामुळे आठवी डरकाळी उचकी लागल्यासारखी निघाली. लोकांनी तीही चालवून घेतली. शेवटच्या मारामारीत वाघ धक्क्यानं कलंडून थेट खलनायकाच्या अंगावर पडला, तेव्हा टोप्या वर उडाल्या.

तिसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस नागपूरहून आला. गर्दीत बसून सगळा सिनेमा पाहिला आणि केबिनमध्ये शिरला.

“नागपुरात या प्रिंटमध्ये डरकाळी नव्हती. कोन्त्या रिळात हाये?”

लांजेवारजींनी माझ्याकडे पाहिलं. “रिळात नाही साहेब,” मी म्हणालो, “मडक्यात हाये.”

तो स्टुलावर बसला. मग त्याचे खांदे हलायला लागले. तो हसत होता.

“प्रिंट हप्ताभर ठेवा,” डोळे पुसत तो म्हणाला. “अन् पुढच्या गावाले या पेंटरले पाठवा.”

“पेंटर नाही भेटनार,” लांजेवारजी म्हणाले. “मडकं न्या.”

त्यानं खरंच नेलं, मी दुसरं आणलं. पुढच्या गावात सिनेमा दोन दिवसांत उतरला, असं नंतर कळलं. आमच्याकडे आठवडाभर चालला. माझा घसा पाचव्या दिवशीच बसला आणि उरलेल्या डरकाळ्या पब्लिकनं स्वतःच फोडल्या.

पोस्टर रंगवणाऱ्यानं सिनेमा आधी पाहून घ्यावा. ते जमत नसेल तर ज्येष्ठमध जवळ ठेवावा.