डाव्या बाजूचा पत्रा

माझ्या जुन्या गाडीला वेगाचा काटा होता, पेट्रोलचा होता. इंजिन किती तापलं ते सांगणारा काटा नव्हता. बोनेटमधून वाफ आली की समजायचं तापली. तेव्हा समजून काय उपयोग? तोवर गॅस्केट जळलेलं असतं.

पण बरीच वर्षं माझं गॅस्केट जळलं नाही, कारण शेजारी बायको बसायची. वऱ्हाडाचं भाडं असलं की ती नसायची, तेव्हा मी दर चढणीला थांबायचो. आंब्याच्या दिवसांत पावस गावाहून रत्नागिरीला पेट्या आणायच्या असल्या की पेट्या मागे आणि ती पुढे. गाडीत चढताना ती चपला काढून हातात घ्यायची. दसऱ्याला जिला हळदकुंकू लावतो, जिच्यापुढे नारळ फोडतो, तिच्यात चपला घालून कसं बसायचं, असं तिचं म्हणणं. माहेराहूनच ती सवय घेऊन आली होती. मग तिचे अनवाणी पाय पुढच्या पत्र्याला टेकायचे. त्या पत्र्याच्या पलीकडे इंजिन. चढण आली, पत्रा तापायला लागला की ती म्हणायची, "तापतंय वो." मी गाडी बाजूला घ्यायचो, बोनेट उघडायचो, इंजिन निवलं की कॅनमधलं पाणी घालायचो. तिचा अंदाज चुकत नसे.

माझा गॅरेजवाला तिच्यासमोर एकदा म्हणाला, "काका, हीट मीटर बसवून घ्या. एका दिवसाचं काम आहे."

मी म्हटलं, "माझं मीटर घरचं आहे. त्याला वायरसुद्धा लागत नाही."

ती म्हणाली, "वायर नाय लागत, पन दर नाक्यावर चाय लागते. ती कोन देतो?"

आम्ही तिघं हसलो. आता ते हसणं आठवलं की तोंड कडू होतं.

एक गोष्ट मी केली ती लिहितोच. लपवून फायदा नाही. तिच्या बाजूला रबराची मॅट होती. मॅटमधून तिला उशिरा कळायचं, म्हणून मी ती काढून टाकली. माझ्या बाजूची ठेवली.

पुढे तिला साखर निघाली. गोळ्या चालू झाल्या. एक दिवस बाजारातून येताना, सपाट रस्त्यावर, ती म्हणाली, "पाय भाजतायत वो." मी थांबलो, बोनेट उघडलं. रेडिएटरला हात लावला तर कोमट. मी तिला बोललो, "इंजिन थंडगार आहे. तुझं डोकं तापलंय. उगाच थांबवलंस." पुन्हा दोनदा असंच झालं आणि दोन्ही वेळा मी बोललो. मग तिने सांगणं सोडलं. रात्री झोपताना ती पाय ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, ते मला दिसत होतं. साखरेनं आधी पाय जळजळतात आणि मग बधिर होतात, हे मला डॉक्टरनं सांगितलं. पण फार उशिरा.

वैशाखात आम्ही पावसहून पेट्या घेऊन निघालो. सड्यावरचं, उघड्या कातळावरचं ऊन, मागे वजन. रेडिएटरचा पाइप कुठेतरी ठिबकत होता, मला पत्ता नाही. ती गप्प होती. ती गप्प म्हणजे गाडी ठीक, असं माझं गणित. वाफ आली तेव्हाच मी ब्रेक मारला.

"बोलली का नाहीस?" मी ओरडलो. "पाय कुठे होते तुझे?"

तिने खाली बघितलं. पाय पत्र्यालाच टेकलेले होते. तिने डावा पाय उचलला. तळव्याला लिंबाएवढा फोड.

"माका कायच कळला नाय," ती म्हणाली. आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं काही चूक तिचीच झाली.

कोरफड लावली, हळद लावली. फोड फुटला, जखम काळी पडली. डॉक्टरने आधी बोट काढलं, मग पाय काढायचा म्हणाला. गणपती उठले आणि आठ दिवसांत ती गेली. पाय काढायची वेळ आलीच नाही.

आल्यागेल्याला मी सांगितलं, खिळा लागला. मुंबईच्या मुलाला तेच सांगितलं. राजापूरकडे तिची थोरली बहीण आहे, अक्का, तिलाही तेच. अक्का म्हणाली, "पोरीला लहानपनापासून अनवानी फिरायची खोड." मी मान हलवली. मेलेल्या बायकोवर मी खिळ्याचं खापर फोडलं.

वर्षभर गाडी पडवीत उभी होती. मुलगा फोनवर म्हणायचा, "बाबा, विकून टाका." विकली असती. पण वर्षश्राद्ध जवळ आलं आणि अक्काला आणायचं होतं. तिचं वय झालंय, एसटीची पायरी तिला चढवत नाही, आणि बहिणीच्या गाडीतून येईन, दुसऱ्या कशातून येणार नाही, असं तिने कळवलं. म्हणजे ती पुढच्या सीटवर बसणार. तिचे पाय त्याच पत्र्याला टेकणार.

मी गाडी ढकलूनढकलून चालू केली आणि गॅरेजला नेली. गॅरेजवाल्याला म्हटलं, "मीटर बसव."

त्याने माझ्याकडे बघितलं, नंतर डाव्या सीटकडे. जुनी गंमत त्यालाही आठवली असणार. त्याने पाना हातात घेतला.

पाइप आणि गॅस्केट वैशाखातच बदललं होतं. मीटरचं काम तसं साधं. आधी पाणी सोडलं, तांबूस गंजाचं. इंजिनच्या हेडवर एक बंद बोल्ट होता. तो खोलून तिथे पितळी नळी बसवली. तिच्यापासून केसासारखी बारीक तांब्याची नळी डायलपर्यंत येते. "ही दुमडली की मीटर मेलं," तो म्हणाला, आणि त्याने ती हाताएवढ्या वेटोळ्यात गुंडाळली. नळी आत घ्यायला भोक हवं होतं. डावीकडून सोपं पडतं म्हणून त्याने ड्रिल तिथे टेकवलं. तिथला रंग तिच्या टाचांनी घासून गेला होता, पत्रा चकचकीत झाला होता.

"तिथे नको," मी म्हटलं.

"काका, उजवीकडे स्टिअरिंग आडवं येतं."

"तिथे नको म्हटलं ना."

त्याने ड्रिल उचललं. उजवीकडून करायला त्याला संध्याकाळ झाली. मी डाव्या बाजूला नवीन जाड मॅट टाकली. खाली गोणपाटाचे दोन थर. इंजिन चालू केलं. काटा हळूहळू उठला आणि ऐंशीवर थांबला. हे आधी बसवलं असतं तर, एवढंच डोक्यात आलं.

चार दिवसांनी मी अक्काला आणायला गेलो. गाडीत बसताना तिने चपला काढल्या आणि मांडीवर घेतल्या. दोघी बहिणी एकाच घरच्या.

"चपला घाला, अक्का."

"गाडीत? लक्ष्मी हाय ती, भावोजी."

मी गाडी चालू केली. मॅट होती. राजापूरची चढण लागली तसा काटा नव्वदच्या पुढे सरकला. मी गाडी बाजूला घेतली आणि बंद केली.

"काय झाला?" अक्काने विचारलं. मग तिला डायल दिसला. "ह्या काय नवीन?"

"इंजिन तापलं की सांगतं."

"पयला कोन सांगायचा?"

खोटं बोलायला तोंडात शब्द तयार होते. वर्षभर तेच बोलत होतो. पण मला तिच्या मांडीवरच्या चपला दिसत होत्या.

"तुमची बहीण सांगायची," मी म्हटलं. "पायाला पत्रा तापला की. तिचे पाय बधिर झाले, तिला कळलं नाही. खिळा नव्हता लागला, अक्का. ह्या पत्र्यावर भाजला पाय. मॅट मी काढली होती."

बाहेर बारीक पाऊस होता. अक्काने डायलकडे बोट केलं.

"मंग ह्या तवाच का नाय बसवलात?"

"नाही बसवलं."

"ती असताना?"

"हो. ती होती म्हणूनच."

ती रडेल असं वाटलं, शिव्या देईल असं वाटलं. तिने दोन्ही पाय हळूहळू वर घेतले, सीटवर मांडी घातली, लुगडं गुडघ्यांखाली खोचलं आणि चपला मांडीवर ठेवल्या.

काटा ऐंशीवर आला. मी गाडी चालू केली. पुढे उतार लागला, गार वारा आला, काटा अजून खाली गेला. रत्नागिरी येईपर्यंत तिने पाय खाली सोडले नाहीत. मी सोडा म्हटलं नाही.