निवडलेले पेपर

पाच ऑगस्ट, शनिवार. सातवीत मुले एकशे बारा, त्यांना गणित शिकवणारे चौघे.

दर शनिवारी शाळा सुटल्यावर हे चौघे प्रयोगशाळेत बसत. प्रत्येकाने आपल्या वर्गाचे पाच पेपर आणायचे आणि मुले कुठे अडतात ते मिळून शोधायचे, असा मुख्याध्यापकांचा नियम होता. सगळे हुशार मुलांचेच पेपर आणत. जिथे चूकच नाही तिथे तासभर चर्चा चाले, चहा होई, अहवालावर सह्या होत.

'क' वर्गाच्या बाई या नाटकात गेल्या वर्षापासून सामील होत्या. पण अपूर्णांकांची बेरीज त्यांनी तीनदा शिकवली होती आणि अर्धा वर्ग अजून छेदात छेद मिळवत होता. चौथ्यांदा कशी शिकवावी, हे त्यांना खरोखर सुचत नव्हते. त्या शनिवारी त्यांनी सर्वांत वाईट पाच पेपर टेबलावर ठेवले.

"अर्धा अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश," 'अ' वर्गाच्या थोरल्या सरांनी वाचून दाखवले. "बाई, तुमच्याकडे बेरीज केली की रक्कम घटते वाटतं."

"महागाईवर उपाय सापडला म्हणायचा," शेजारचे सर म्हणाले.

"हसून घ्या. पण तुम्ही हे कसं शिकवता, तेवढं सांगा."

"आमच्या वर्गात हा प्रश्नच येत नाही," थोरले सर म्हणाले.

"सर, माझी पुतणी तुमच्याच वर्गात आहे. काल माझ्या स्वयंपाकघरात बसून तिनं हीच बेरीज अशीच केली."

"घरच्या गोष्टी इथे नकोत, बाई."

सोमवारी ते पाच पेपर मुख्याध्यापकांच्या टेबलावर होते. ते तिथे कोणी पोचवले, हे विचारायची सोय नव्हती. "पुन्हा असे पेपर दिसले तर वर्ग दुसऱ्याकडे द्यावा लागेल," मुख्याध्यापक बाईंना शांतपणे म्हणाले. बाईंना तो वर्ग सोडवत नव्हता.

पुढच्या शनिवारी त्यांनी आपले हुशार पाच नेले. थोरल्या सरांनी स्वतः उठून त्यांना चहा दिला. "बघा, जमलं की."

त्या चौघांत आळशी कोणीच नव्हते, म्हणून तर त्यांना माफी नाही. आपल्याला शिकवता न येणे झाकायला मात्र त्यांनी एकमेकांना मनापासून मदत केली. बाईंनी सही केली.

सातवीला अपूर्णांकांची बेरीज अजून देणे आहे.