डेलियाचा रंग कोणता?

व्हँकुव्हरच्या विमानतळावर माझा सुरण पकडला गेला. कस्टम्सच्या सरदारजींनी तो दोन्ही हातांनी उचलून विचारलं, "अंकल, ये क्या है?"

"माफी," मी म्हणालो.

त्यांनी माफी जप्त केली आणि हळूच सांगितलं, "सरे में फ्रोजन मिलता है."

माफी खापरपणजोबांची होती. ते रत्नागिरीजवळचे बागाईतदार. व्हँकुव्हरजवळच्या फ्रेझर नदीकाठच्या एका फुलवाल्याशी त्यांची पत्रमैत्री होती. भेट कधीच नाही; बिया, कंद आणि बायकांच्या तक्रारी मात्र वर्षानुवर्षं बोटीने ये-जा करत. एकदा यांनी सुरण पाठवला, त्यांनी डेलियाचे कंद. मागोमाग त्यांचं पत्र आलं: "फूल कोणत्या रंगाचं आलं?" खापरपणजीने कंदांचा रस्सा केला होता. लाजेपोटी उत्तर गेलंच नाही. मैत्री संपली. आता भाची अनघाने त्या फुलवाल्याची पणती शोधून काढली होती, व्हँकुव्हरशेजारच्या बर्नाबीत.

"मामा, प्लीज, ड्रामा नको," गाडी पार्क करता करता अनघा म्हणाली.

मार्गारेटबाईंनी दार उघडताच मी सरे उपनगरातून आणलेल्या फ्रोजन सुरणाची पिशवी पुढे करून कमरेत वाकलो आणि सगळा गुन्हा कबूल केला.

ऐंशीच्या बाई तडक तळघरात गेल्या. पोलिसांना बोलावणार, अशी माझी खात्री झाली. त्या आल्या ते आपल्या पणजोबांचं, लिहून कधीच न टाकलेलं पत्र घेऊन. पत्रात कबुली होती: आमचा सुरण त्यांनी फुलझाड समजून काचघरात लावला होता. तो फुलला नेमका मुलीच्या लग्नात. सुरणाच्या फुलाला मेलेल्या उंदराचा वास येतो! लग्न शेवटी तबेल्यात लागलं; तिथे तुलनेने सुगंध होता. पणजोबांनी मित्राची भेट उपटून नदीत फेकली. हे त्याला कळलं असणार, म्हणूनच तो गप्प आहे, असं त्यांनी धरलं.

"म्हणजे दोघंही एकमेकांना घाबरून बसले?" अनघा म्हणाली. "पत्र टाकून बघायचं ना!"

सुरणाची भाजी करायला मी ओट्याचा ताबा घेतला. भाषणाच्या भरात चिंच घालायची राहिली. पहिल्याच घासाला तिघांचे घसे खाजू लागले. अनघाने नळाखाली तोंड धरलं.

"पणजोबांना उत्तर हवंय," बाई खोकत म्हणाल्या. "रंग कोणता?"

"पिवळा," मी घोगऱ्या आवाजात म्हणालो. "हळदीचा."

बाई हसता हसता खुर्चीतून घसरल्या.

रत्नागिरीला परतलो, तर पाठोपाठ मार्गारेटबाईंचं पाकीट आलं. आत दोन वाक्यं: "घसा बरा आहे. आता तुमची पाळी."

चहा तसाच ठेवून मी उत्तर लिहिलं. आमच्या घराण्याचा भरवसा नाही, म्हणून पेटीत पत्र पडल्याचा आवाज ऐकूनच परत फिरलो.