महाराजांचं किचन आणि शीआनचे तीन दिवस

विलायतेतल्या आमच्या मराठी मंडळाच्या चीनच्या ट्रिपचा प्लॅन मी केला होता. मी बेसिंगस्टोकमध्ये एका ट्रॅव्हल कंपनीत काम करते, आदल्या वर्षी कामासाठी शीआनला राहून आले होते, म्हणून कमिटीने मला सांगितलं. मी शीआनला तीन दिवस दिले. एजवेअरच्या हॉलमध्ये रविवारी मीटिंग झाली, पोहे झाले, आणि डॉक्टरकाकांनी माझा कागद चष्म्याजवळ धरला. काका म्हणजे आमचे अध्यक्ष, रिटायर्ड सर्जन.

"अगं, शीआनला तीन दिवस? सोल्जर्स बघितले की शीआन झालं! एक नाइट, आणि बुलेट ट्रेनने डायरेक्ट शांघाय."

"काका, ते सम्राटाच्या थडग्याजवळचे मातीचे सैनिक शहरात नाहीतच. बाहेर आहेत, तासाभरावर. शहर न बघताच शहर झालं म्हणताय तुम्ही."

"तुझं बीए जॉग्रफी ना?" काका सगळ्यांकडे बघत हसले. "मग सांग बरं, तिथे पिकतं काय?"

"गहू," मी म्हटलं. "आणि इंजिनिअर."

हॉल हसला. मी हसले नाही, कारण ते खरंच होतं. दक्षिणेला डोंगरांची भिंत, उत्तरेला नदी, मधे पिवळी माती. त्या मातीत गहू येतो, म्हणून तिथे भाताऐवजी नूडल्स आणि रोट्या. मोठमोठी विद्यापीठं आहेत, म्हणून विमानांचे आणि चिपचे कारखाने आहेत. एके काळी रेशीम घेऊन उंटांचे तांडे जिथून पश्चिमेला निघायचे, तिथून आता मालगाड्या युरोपकडे निघतात. हे समजायला तीन दिवससुद्धा कमीच आहेत.

माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. मी भूगोल घेतला तेव्हा गावात सगळ्यांनी विचारलं, "याचं करणार काय?" सायन्स मिळालं नाही म्हणून घेतला असं त्यांना वाटलं. मिळत होतं. मला भूगोलच हवा होता. माणसं एखाद्या ठिकाणी का राहिली आणि काय करून जगली, हे सांगणारा दुसरा विषय मला सापडला नाही. आणि कमिटी नेमकं तेच खोडायला निघाली होती.

खरी अडचण मग सेक्रेटरीबाईंनी सांगितली. "तुझं हॉटेल जुन्या शहरात आहे गं. ते किचन देत नाहीत. सैनिकांच्या म्युझियमजवळचं देतंय. मग महाराजांनी स्वयंपाक कुठे करायचा?"

महाराज म्हणजे आमचे स्वयंपाकी. मंडळाच्या प्रत्येक ट्रिपला ते येतात, मसाल्यांच्या डब्यांसकट. त्यामुळे जगाच्या पाठीवर कुठेही गेलो तरी संध्याकाळी सातच्या आत हॉटेलवर परतायचं, कारण वरण-भात गार होतो. स्वित्झर्लंडमध्ये हेच, इजिप्तमध्येही हेच.

"म्हणजे आपण शीआन बघायला नाही, गॅस बघायला चाललोय," मी म्हटलं.

"असं बोलू नये," सेक्रेटरीबाई म्हणाल्या.

"बोलते. प्लॅनवर माझं नाव आहे. एक नाइट करायची असेल तर नाव काढा. मी त्याला हात लावणार नाही."

माझा नवरा शेजारी बसला होता, त्याने टेबलाखालून पाय दाबला. मी पाय काढून घेतला.

काकांचा आवाज बदलला. "मग तू तुझी वेगळी ट्रिप काढ. बघू कोण येतं."

"काढते."

तेवढ्यात मागच्या रांगेतून काकू, काकांच्याच पत्नी, म्हणाल्या, "मी येते हिच्याबरोबर."

"अगं, तुला बाहेरचं चालत नाही!" काका म्हणाले.

"मला चालतं. तुम्हाला चालत नाही. तुमचं जेवण झाल्यावर उरेल तेवढंच जग बघितलंय मी आजवर."

त्यानंतर आणखी काही हात वर आले. फार नाही, पण एक मिनीबस भरेल एवढे.

ऑक्टोबरमध्ये आम्ही मिनीबसवाले वेगळे गेलो. सैनिक बघितले, छानच आहेत, ते मी कधी नाकारलं नव्हतं. पण उरलेले दिवस शहराचे. तटबंदीवर चढलो, वर दोन बस शेजारी-शेजारी जातील एवढी रुंद वाट. एका बाजूला जुनी कौलं, दुसरीकडे काचेचे टॉवर्स. खाली पोरी जुन्या राजघराण्यातले पोशाख भाड्याने घेऊन फोटो काढत होत्या, आणि त्या भाड्यावर, मेकअपवर, फोटोवर आख्खी गल्ली पोट भरत होती. आपल्याकडून पोथ्या नेणारा, शाळेच्या पुस्तकातला तो चिनी भिक्षू इथूनच निघाला होता. त्या पोथ्यांसाठी बांधलेल्या पॅगोड्यासमोर काकू बराच वेळ उभ्या राहिल्या. रात्री आठला आम्ही रस्त्यावर प्लास्टिकच्या स्टुलांवर बसून गार, आंबट-तिखट नूडल्स खात होतो. काकूंनी दुसरी प्लेट मागवली.

मंडळ तेव्हा शीआनची एक नाइट करून आलं होतं; या वर्षी त्यांना परत चीनला जायचंय. काकांनी स्वतः फोन केला, "तुझा तो प्लॅन पाठव. थोडा ॲडजस्ट कर म्हणजे झालं."

मी प्लॅन पाठवला. शीआन, तीन दिवस, हॉटेल तटबंदीच्या आत. एक ओळ बदललेली नाही.