ठरलेल्या लग्नाला मागणी

माझं लग्न ठरलं तेव्हा हॉल बुक झाला, आचारी ठरला, आहेराच्या साड्या आल्या. सगळं उरकल्यावर फोटोग्राफरच्या लक्षात आलं, की मुलीला अजून कोणी विचारलंच नाही. म्हणून साखरपुड्याच्या आदल्या दिवशी आम्ही फैजपूरजवळ काकांच्या केळीच्या बागेत ‘प्रपोज’ उरकायला गेलो. आम्ही म्हणजे मी, धुळ्याहून आलेला नवरदेव, त्याची आई, त्याचे मामा, माझी आत्या आणि फोटोग्राफर. एकांत हवा ना.

आमच्या घराण्यात प्रगती टप्प्याटप्प्याने झाली. आजीच्या वेळी साखरेचा पुडा आणि नारळ. आईच्या वेळी अंगठी आली, पण ती घातली सासूने. माझ्या वाट्याला थेट नवरदेवाचा गुडघा आला.

खरी अंगठी सासूबाईंच्या पर्समध्येच राहिली. “मातीत पडली म्हणजे?” शेवटी मामांनी आपला पुष्कराज उतरवून दिला. तो त्यांनी गुरू बळकट व्हावा म्हणून घातलेला. “या बोटाची नस थेट हृदयाला जाते,” फोटोग्राफरने माझं बोट धरून सांगितलं. मापाला घालून पाहिलेली मामांची अंगठी त्या बोटात गरगर फिरत होती.

नवरदेव ठिबकच्या नळीशेजारी चिखलात टेकला आणि पाठ केल्यासारखं म्हणाला, “माझ्याशी लग्न करशील?”

“ताई, तोंडावर हात!” फोटोग्राफर ओरडला. “आश्चर्य वाटू द्या!”

मला खरंच आश्चर्य वाटलं. कोणीतरी विचारत होतं. मी म्हटलं, “आणि नाही म्हटलं तर?”

आत्या किंचाळली, “हाई पोर काय बोली ऱ्हायनी?”

तो उठला नाही. हळूच म्हणाला, “मग आत्ताच सांग. मलाच पसंत नाही, असं मी घरी सांगतो. तुला कोणी बोलणार नाही.”

याआधी भेटलो तेव्हा मला स्वयंपाक आणि त्याला पगार विचारला गेला होता. त्याचा हा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. माझे डोळे उगाचच भरून आले.

“हो,” मी म्हटलं. “पण नोकरी सोडणार नाही.”

“नको सोडूस. आता उठू का? पँट भिजली.”

“छान झालं,” फोटोग्राफर म्हणाला, “पण हात तोंडावर नव्हता. परत एकदा.”

दुसऱ्या दिवशी जळगावच्या हॉलमध्ये गुरुजींनी दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना माइकवरून संमती विचारली. मला कोणी विचारलं नाही. मीही कोणाला सांगायला गेले नाही, की माझं कालच ठरलंय.